रस्त्यापलीकडची चूल

देवास, श्रावण वद्य तृतीया, शके १८३५

दिवाणसाहेबांनी आज बोलावून घेतलं आणि म्हणाले, "कृष्णाजीराव, दरबारची नवी सभा नेमली आहे. पाच सभासद. त्यांत तुमचं नाव आहे."

मला वाटलं, सभेसाठी कनाती लावायला बोलावलंय. तसं विचारलंही. साहेब हसले.

मी म्हटलं, "साहेब, माझा जन्म फरासखान्यात गेला. अक्षरं शिकलो तीसुद्धा तंबूंच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. शाळेचा उंबरा पाहिला तो समारंभाचा मांडव घालताना."

"शिकलेले चार आहेत," ते म्हणाले. "गल्लीबोळातली माणसं ओळखणारा एक हवा. आणि हो, काय काय घडतं ते लिहून ठेवत जा. विसरायला होत नाही."

म्हणून ही वही. बोरू चांगला चालतो आहे.

सभेपुढे काम एकच. चीनचं गिऱ्हाईक गेलं आणि अफूच्या कोठ्यांना कुलुपं लागली. चीक तेलात भिजवणारे, तुडवणारे, गोळे वळणारे, सगळे घरी बसले. त्यांच्या हातांना काम द्यायचं.

संध्याकाळी बकुळेला सांगायला गेलो. गेलो म्हणजे काय, रस्ता ओलांडला. परगावच्या माणसाला आमच्या गावाचं नवल वाटतं. देवासात राज्यं दोन, कारण मूळपुरुष दोघे भाऊ. वाटणी झाली तेव्हा गावही वाटलं गेलं. बाजाराच्या रस्त्याची ही बाजू आमच्या पातीची, म्हणजे आमच्या राज्याची, ती बाजू त्या पातीची. महाराज दोन, कचेऱ्या दोन, तुरुंगसुद्धा दोन. माझं घर या बाजूला, आणि बरोबर समोर माझ्या एकुलत्या एक लेकीचं सासर. तिची आई गेल्यापासून सकाळी ओट्यावर बसायचं आणि समोर ती सडा घालताना दिसली की उठून कामाला लागायचं, असा माझा क्रम. देवदर्शन नंतर.

"आबा सभासद झाले," असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले आणि पाणी आणायला वळली. मग स्वतःच थांबली. "विसरलेच. तुम्ही कुठं माझ्या घरचं पाणी पिणार."

आमच्यात रीत आहे. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरच्या अन्नपाण्याला शिवायचं नाही. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मी नेहमीसारखा हात हलवला आणि पायरीवरच बसलो.

भाद्रपद शुद्ध नवमी

गणपती, गौरी, सगळं आटोपलं. आज कोठ्यांच्या बाजूनं चक्कर मारली. वास अजून आहे. जुन्या वासाला कुलूप लागत नाही.

भेरू भेटला. बापाच्या वेळेपासून गोळे वळणारं घर. बोटं अजून तपकिरी. पिंपळाखाली बसून चिखलाचे गोळे वळत होता. मी म्हटलं, "अरे, हे काय?"

"काई करां, बासाब," तो म्हणाला, "हात माने कोनी, ऐकतच नाहीत. रिकामे राहिले तर रात्री ठणकतात."

आमचे जावई फत्तेसिंगराव याच कोठ्यांवर मुकादम होते. माणूस मोठा नेटका. पागोटं कधी तिरपं नाही. बकुळा म्हणते, "सध्या ह्यांना जरा विसावा मिळतोय, बरंच झालं." मलाही वाटलं, बरंच झालं. किती वर्षं राबले.

भाद्रपद वद्य पंचमी

मला सुचलं. हे मी स्वतःच्या हातानं लिहितो, कारण पुढं कोणी म्हणेल दिवाणसाहेबांना सुचलं.

तंबू. धारच्या दरबारला मांडूवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी हिवाळ्यात छावणी लावावी लागते, आणि त्यांचे डेरे जुने होऊन फाटले आहेत, हे मला ठाऊक आहे. कारण त्यांच्या फरासखान्यातला माणूस ठिगळासाठी कापड मागायला माझ्याकडेच यायचा. आपण तंबूंचा कारखाना काढावा. गोळे वळणाऱ्याला तणाव्याचे दोर वळता येतील. चीक तुडवणाऱ्याच्या पायांत कापड भिजवून तुडवायचं बळ आहे. बायकांना घरबसल्या कडा शिवता येतील. कापणी मी शिकवीन. मोठ्या डेऱ्याची कापणी या मुलखात आता मलाच येते, ते खरं आहे, फुशारकी नाही.

दिवाणसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सभेत मांडा."

भाद्रपद वद्य द्वादशी

आज सभा झाली. पहिल्यांदाच उभा राहिलो आणि तंबूंचं सगळं मांडलं.

हंबीरराव रिसालदारांनी मिशीला पीळ देत मान हलवली. भैयासाहेब जहागीरदार मात्र आडवे आले. ते बोलायला लागले की समोरच्याला आपण उगाच जन्मलो असं वाटतं.

"फरासखानेवाले, तुमचा तंबू छान आहे," ते म्हणाले. "पण दार कुठं ठेवलंत? कारखाना आमच्या पातीचा, खर्च आमच्या दरबारचा, आणि सकाळी रस्ता ओलांडून त्या पातीची अर्धी प्रजा आत शिरायची. आम्ही काय त्यांच्यासाठी अन्नछत्र घालायचं?"

दिवाणसाहेब कागद मिटायला लागले. तेवढ्यात मला सुचलं आणि मी म्हटलं, "कलम घाला. ज्याची चूल आपल्या पातीच्या हद्दीत पेटते, त्यालाच काम. माणूस खोटं बोलेल, चूल बोलणार नाही."

भैयासाहेबांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "वा," म्हणाले. "हे फरासखान्यात शिकवतात?"

मला चेव चढला. मी आणखी एक कलम सुचवलं. ज्या गोष्टीत सभासदाच्या सोयऱ्याधायऱ्याचा लाभ असेल, तिथं त्या सभासदानं मत द्यायचं नाही, बाहेर जाऊन बसायचं. उद्या कोणी बोट दाखवायला नको. तेही एकमतानं मंजूर झालं. दिवाणसाहेब म्हणाले, "कृष्णाजीराव, कायदा तुमच्या हाडातच आहे."

घरी येताना छाती जरा पुढं काढून चाललो. आता लिहायला हरकत नाही.

त्याच दिवशी, दिवे लागल्यावर

बकुळेला सांगायला गेलो. पायरीवर बसून सगळं सांगितलं, भैयासाहेब कसे गप्प झाले तेही. ती शेंगा निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"आबा, मग ह्यांचं?"

"कुणाचं?"

"ह्यांचं. आमची चूल इथं पेटते."

देवाशपथ लिहितो, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझी लेक समोर राहते एवढं मला ठाऊक. ती परक्या राज्यात राहते हे सहा वर्षांत एकदाही मनात आलं नाही. त्या रस्त्यावरून मी दिवसातून चारदा जातो. तिथं रेघ आहे हे मला ठाऊक होतं, पण ती आमच्या दोघांच्या मधूनही गेली आहे, हे नव्हतं.

मी म्हटलं, "बघू आपण काहीतरी."

ती म्हणाली, "हो ना," आणि पुन्हा शेंगा निवडू लागली. शेंगा थोड्याच होत्या.

आश्विन शुद्ध तृतीया

उपाय सापडला. इतका सोपा की स्वतःवर हसू आलं. माझं घर रिकामंच आहे. मागची खोली, पडवी, सगळं पडलेलं. बकुळा आणि फत्तेसिंगराव यांनी इकडे यायचं, चूल इथं मांडायची. कलमाला धक्का नाही, लेक घरात, आणि मलाही ऊन भाकरी.

सकाळीच जावईबापूंना बोलावून सांगितलं. ते बसलेही नाहीत. ऐकून घेतलं, पागोट्याला हात लावला आणि म्हणाले, "मामासाहेबांची माया मोठी आहे." एवढं बोलून गेले. मला बरं वाटलं. त्यांना पटलं असावं, विचार करायला वेळ हवा असेल.

विजयादशमी

कारखाना सुरू झाला. जुन्या कोठीचंच कुलूप काढलं. भेरूनं पहिला दोर वळला आणि माझ्या पायांवर ठेवला. मी म्हटलं, "अरे, खांबाला बांध, माझ्या पायांना काय बांधतोस." सगळे हसले.

सोनं द्यायला फत्तेसिंगराव आले नाहीत. बकुळा एकटी आली. म्हणाली, ते टेकडीवर देवीला गेलेत. तिला जेवायला बसवलं. अगदी भरभर जेवली, लहानपणी शाळेत जायची घाई असल्यासारखी. मी म्हटलं, "सावकाश, कोण मागं लागलंय?" तर म्हणाली, "तुमच्या हातचं वरण फार दिवसांनी मिळालं ना." मला आनंद झाला. माझं वरण तिच्या आईलासुद्धा कधी आवडलं नव्हतं.

आश्विन वद्य षष्ठी

कलमानं काय काय होतं पाहा. त्या बाजूचे लोक चुली घेऊन हिंडायला लागले आहेत. चार विटा आणि गोवऱ्या घेऊन चुलतभावाच्या, मावसभावाच्या पडवीत यायचं, धूर काढायचा आणि कारखान्यात नाव सांगायचं. म्हणून दरबारनं हवालदार गेंदालाल यांना नेमलं. ते सकाळी घरोघर जाऊन चुलीतल्या राखेत हात घालतात. राख गरम तर माणूस आपला, गार तर परका.

एका तेल्याच्या पडवीत राख गरम होती, पण चुलीवर भांड्याचा डाग नव्हता. गेंदालाल म्हणाले, "भिया, इस चूल्हे पे हवा पकाते हो क्या?" त्याला काढून टाकलं. तो माझ्या ओट्यासमोरून गेला, काही बोलला नाही. बायको रस्त्याच्या पलीकडे उभी होती. ती बोलली. ते लिहीत नाही.

त्या पातीनंही असंच कलम केलं आहे. त्यांच्या सडकेच्या कामावर आमचा माणूस नाही. आमचे तिकडे खडी फोडणारे सगळे परत आले आणि कारखान्याच्या दाराशी उभे आहेत. कारखान्यात तेवढी जागा नाही.

कार्तिक शुद्ध द्वितीया, धार

धार दरबारशी मांडूच्या छावणीचं बोलणं पक्कं करायला मला पाठवलं. झालं. माघ संपायच्या आत सगळे डेरे द्यायचे, त्यांत एक दरबारी डेरा, दोन खांबांचा, झालर लावलेला. तो एकटा नीट झाला तर पुढची कामं मिळतील असं दरबारचे कामदार म्हणाले. तो बिघडला तर बाकीचेही घेणार नाहीत, असंही म्हणाले.

आज भाऊबीज. उतरलो अक्काकडे. ही माझी थोरली बहीण, दात नाहीत पण जिभेची धार शाबूत. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "किसना, तुझा जावई येऊन गेला हो."

"कुठं?"

"इथं, आणखी कुठं. नवरात्राच्या आधी. काम बघत होता. इथं काही जमलं नाही. मनावर गावात कापसाची जिन आहे ना, तिथं मुकादमाची जागा मिळतेय म्हणाला. संक्रांतीनंतर जायचंय, बायकोला घेऊन. तुला नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "माझ्याकडे राहायला येणार आहेत ते."

अक्कानं निरांजन खाली ठेवलं. मग म्हणाली, "घरजावई?"

"नाव काहीही दे. घर माझं, लेक माझी."

"आणि पागोटं त्याचं," ती म्हणाली. "किसना, तू डेरे चांगले शिवतोस. जेव."

मनावर म्हणजे बैलगाडीची किती मजल. पोचल्यावर सडा घालताना कोण दिसणार.

कार्तिक वद्य प्रतिपदा

ठरवलं. ते कलमच काढून टाकायचं. चुकलं ते चुकलं. कारखान्याचं दार दोन्ही बाजूंना उघडं ठेवायचं.

हे कुठून बाहेर फुटलं कळत नाही, पण दुपारी भेरू आणि दहाबारा जण ओट्याशी आले. कोणी वर चढेना. भेरू म्हणाला, "बासाब, सुणी के दार खोल रहे हो."

"हो. सगळ्यांना पोट आहे."

"पोट तो सगळ्यांला हाये," तो म्हणाला. "जागा सगळ्यांला कोनी. पलीकडले आले की आम्ही बाहेर. म्हारी छोरी अबी तक दूध पीती है."

त्यानं हात पुढं केले. बोटांचा तपकिरी रंग गेला होता. दोरानं घट्टे पडले होते, पण रंग गेला होता. ते त्याला मला दाखवायचं होतं.

ज्याच्यासाठी केलं तोही बरोबर, आणि जिच्यामुळं मोडायचं तीही बरोबर. कनातीच्या आत उभं राहावं आणि चारी बाजूंचे तणावे आपणच ओढून बांधलेले असावेत, तसं झालं आहे. बाहेर जायची फट कुठं ठेवली होती तेच आठवत नाही.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

सभा झाली. मी उभा राहून म्हटलं, चुलीचं कलम रद्द करावं. भेरूच्या लोकांना कमी न करता त्या बाजूचेही थोडे घ्यावेत, धारचं काम वेळेत करायचं तर हात कमीच पडताहेत. हे खोटं नाही.

भैयासाहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "कृष्णाजीराव, आपले जावई सध्या काय करतात?"

मी म्हटलं, "सध्या घरीच असतात."

"त्या बाजूला राहतात ना ते? मग आपलंच दुसरं कलम. सोयऱ्याचा लाभ. आपण बाहेर बसायचं."

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलो. आतून आवाज येत होते. दोघे इकडे, दोघे तिकडे. हंबीरराव माझ्या बाजूनं भांडले असं नंतर कळलं. मतं सारखी पडली आणि दिवाणसाहेब म्हणाले, सारखी पडली की आहे तेच राहतं. माझं एक मत हवं होतं. ते मी व्हरांड्यात घेऊन बसलो होतो.

दिवाणसाहेब बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कायदा चांगला केलात," म्हणाले. थट्टा नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

मार्गशीर्ष वद्य अष्टमी

फत्तेसिंगराव समोरच्या ओट्यावर गाडीचं जू दुरुस्त करत असतात. मी इथून रामराम करतो. तेही करतात. रस्ता रुंद झाल्यासारखा वाटतो.

दरबारी डेऱ्याचं कापड आलं. कारखान्यात पसरलंय, पांढरं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कापणी मलाच करायची. कात्री चुकली तर सगळं गेलं. अजून हात लावला नाही. मन स्थिर नसताना मी कधी कापड कापलं नाही.

पौष शुद्ध दशमी

आज बकुळेला स्पष्टच विचारलं. ती माझ्याकडे हळद दळायला आली होती. मनावरला जायचं खरं का?

"खरं."

"मी तुम्हाला घर देत होतो. एवढं मोठं घर. तुझ्या नवऱ्याला एवढा कसला ताठा? चार दिवस सासऱ्याची भाकरी खाल्ली तर अंगाला भोकं पडतात का?"

तिनं जातं थांबवलं. ती कधी उलटून बोलत नाही. आजही आवाज चढवला नाही.

"आबा, सहा वर्षं तुम्ही माझ्या पायरीवर बसता. उन्हातून आलात तरी तहानलेले घरी जाता. मी पाण्याचा तांब्या भरून ठेवते आणि तुम्ही गेलात की तुळशीला घालते. मूल होत नाही म्हणून गल्लीत कोण काय बोलतं ते सोसतं. पण तुम्ही हात हलवता ना पाण्याला, ते रोज नव्यानं कळतं."

मी म्हटलं, "अगं, ती रीत आहे."

"हो. रीतच आहे. ह्यांचीही रीतच आहे. तुमच्याच्यानं माझ्या घरचं पाणी पिववत नाही, आणि ह्यांना म्हणता तुमच्या घरी चूल मांडा."

मग तिनं दळलेली हळद भरली. जाताना म्हणाली, "रागावू नका. वरण थोडं जास्त शिजवत जा, डाळ कच्ची राहते."

दिवसभर ओट्यावर बसून राहिलो. कारखान्यातून बोलावणं आलं, गेलो नाही.

पौष शुद्ध त्रयोदशी

संक्रांत उद्यावर आली. समोर गाडी धुऊन ठेवली आहे. गाठोडी ओसरीवर दिसतात.

आज सकाळी मी चूल पेटवली नाही. ठरवून नव्हे. गोवरी हातात घेतली, फुंकणी घेतली, आणि बसून राहिलो. मग दोन्ही खाली ठेवली, डोक्याला पागोटं बांधलं आणि रस्ता ओलांडला. पायरीवर थांबलो नाही. आत गेलो. त्या घरात उंबऱ्याच्या आत मी लग्नात गेलो होतो, त्यानंतर आज.

बकुळा चुलीपुढं होती. फत्तेसिंगराव न्याहारीला बसत होते, ते उठून उभे राहिले.

मी म्हटलं, "पोरी, तहान लागलीय."

तिला हलताच येईना. जावईबापूंनीच तांब्या उचलला, पण पुढं करेनात. "मामासाहेब," म्हणाले, "रीत..."

"पाहू," मी म्हटलं आणि त्यांच्या हातून घेऊन प्यालो. पाणी आमच्याच विहिरीसारखं होतं. मग पाटावर बसलो. भाकरी आणि मेथी. मेथीत मीठ कमी होतं. फत्तेसिंगरावांनी माझ्या पानाकडे पाहिलं आणि मिठाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "हिच्या हातानं मीठ कमीच पडतं," म्हणाले. आश्विनापासून माझ्याशी बोललेलं त्यांचं हे पहिलं लांब वाक्य.

पौष शुद्ध चतुर्दशी, संक्रांत

तिळगूळ. आजही पलीकडेच जेवलो. गाडी अजून उभीच आहे. बैल धारहून यायचे होते, आले नाहीत म्हणतात.

सकाळी गेंदालाल माझ्याकडे आले. कोणीतरी कळवलं असावं. "बासाब, मनात आणू नका, सबकी देखता हूँ तो आपकी भी," म्हणाले आणि माझ्या चुलीत हात घातला. बराच वेळ राखेत हात घालून बसले. इकडून तिकडून चाचपली. गार.

"बासाब," शेवटी म्हणाले, "मी म्हणतो गरम होती."

मी म्हटलं, "गेंदालाल, त्या तेल्याला काढलंत तेव्हा असं म्हणाला नाहीत. जे आहे ते सांगा. माझी चूल आता पलीकडे पेटते."

तेव्हा कळलं मला की सभेतलं आसनही गेलं, कारण सभासद आपल्या पातीचा हवा. कारखान्यातही आता जाता येणार नाही. एवढा पुढचा विचार मी केला नव्हता. वाईट वाटलं. कापड तसंच पसरलेलं आहे, त्यावर धूळ बसेल. भेरूला झाकून ठेवायला सांगितलं.

पौष वद्य द्वितीया

दिवाणसाहेबांचा शिपाई आला. दरबारी डेरा कधी कापणार, धारचे कामदार विचारताहेत. मी म्हटलं, साहेबांना सांगा, कापायची माझी फार इच्छा आहे, पण मी त्या कारखान्यात कामाला चालत नाही. कलम माझंच आहे, मीच कसं मोडू? दुसऱ्या कुणाकडून कापून घ्या. तो म्हणाला, दुसरं कोण? मी म्हटलं, ते मला कसं ठाऊक.

संध्याकाळी भेरू रस्त्याच्या त्या कडेला उभा राहून म्हणाला, "बासाब, थां नहीं कापोगा तो म्हारे दोर कायला बांधू?"

रात्री झोपायला मी माझ्याच घरी येतो. झोप लागत नाही.

पौष वद्य चतुर्थी

आज भैयासाहेब स्वतः आले. घोड्यावरून उतरले, रस्त्याच्या मध्यापर्यंत चालत आले आणि तिथंच थांबले. मी बकुळेच्या ओट्यावर बसून शेंगा निवडत होतो.

"फरासखानेवाले," ते म्हणाले, "धारचं काम गेलं तर आमच्या दरबारचं नाक जाईल. पुरे झालं आता. चार पावलं इकडे या."

"आलो असतो," मी म्हटलं. "पण हवालदारानं राख पाहिली आहे."

"त्या राखेचं काय करायचं ते आम्ही बघू."

"राखेचं काही करू नका, साहेब. राख खरं बोलली."

ते बराच वेळ उन्हात उभे राहिले. मी बकुळेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. तिनं रस्त्याच्या मधोमध जाऊन तांब्या पुढं केला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि प्याले. मग घोड्यावर बसताना म्हणाले, "उद्या सभा आहे. एकच विषय आहे, चुलीचं कलम. आपण सभासद नाही, म्हणून कळवायचं कारण नव्हतं. तरी कळवतो."

का कळवलं ते मला कळलं नाही. मी नसताना मतं पुन्हा दोन आणि दोनच पडायची. भैयासाहेबांना मी शत्रू समजत होतो, पण माणूस वाईट नाही. ऊन फार झालं होतं त्यांना.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. या बाजूनं माझं घर कसं दिसतं ते मी आजवर पाहिलंच नव्हतं. दाराची चौकट जरा डावीकडे झुकली आहे. ओटा उंच आहे, चढायला कोणालाही जड जाईल असा. एवढी वर्षं तिथून समोर बघत होतो, हे घर कधी दिसलं नाही.

आत बकुळेनं एक गाठोडं सोडलं. तवा त्यात बांधला होता. फत्तेसिंगराव म्हणाले, "मामासाहेब, आज मीठ मी घातलंय."